बफिंग (वाहनांचा रंग)

बफिंग म्हणजे यंत्रावर बसवलेले पॅड आणि सूक्ष्म घर्षक कण असलेले मिश्रण यांच्या साहाय्याने मोटारीच्या रंगाचा सर्वांत वरचा थर अत्यल्प प्रमाणात घासून पृष्ठभाग सपाट व चकचकीत करण्याची प्रक्रिया होय. गॅरेजच्या बोलीत हिला 'मशीन पॉलिश', 'रबिंग' किंवा 'रबिंग-पॉलिश' असेही म्हणतात. धुताना व पुसताना पडलेले बारीक चरे, उन्हाने आलेला फिकटपणा, पाण्याचे डाग, पक्ष्यांच्या विष्ठेचे वरवरचे ठसे आणि नव्याने रंगवलेल्या भागावरील धुळीचे कण काढण्यासाठी ही प्रक्रिया वापरली जाते.

बफिंगमुळे रंगावर चकाकीचा नवा थर चढतो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या प्रक्रियेत रंगाचा काही भाग कायमचा काढून टाकला जातो. आधुनिक मोटारीवरील पारदर्शक थर साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो आणि घासून गेलेला थर पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे अपेक्षित परिणाम कमीत कमी रंग खर्च करून कसा साधावा, हाच या कामातील मुख्य प्रश्न आहे.

परिभाषा

मराठी भाषक कारागिरांच्या बोलीत या कामाचे टप्पे वेगवेगळ्या शब्दांनी ओळखले जातात. पत्र्याचा पोचा काढणे व रंग देणे या कामाला 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणतात. पोचा सपाट करण्यासाठी भरल्या जाणाऱ्या पुट्टीला 'लांबी' हा शब्द आहे. घासण्याच्या कागदाला 'पॉलिश पेपर' आणि पाणी लावून घासण्याच्या कागदाला 'वॉटर पेपर' म्हणतात. लहान भागापुरता रंग देणे म्हणजे 'टचिंग'. जाड घर्षकाचे मिश्रण 'कंपाउंड' व बारीक घर्षकाचे मिश्रण 'पॉलिश' या नावाने विकले जाते. 'रबिंग' हा शब्द मात्र सैलपणे वापरला जातो. काही ठिकाणी तो हाताने कंपाउंड घासण्यासाठी, तर काही ठिकाणी यंत्राच्या कामासाठी वापरतात. मेण किंवा इतर लेप लावणे ही बफिंगनंतरची स्वतंत्र क्रिया आहे, परंतु व्यवहारात दोन्हींना मिळून 'पॉलिश' म्हणण्याची पद्धत आहे. वरील गैरसमजाचे एक कारण हा शब्दप्रयोगही आहे.

रंगाच्या थरांची रचना

कारखान्यात रंगवलेल्या मोटारीच्या पोलादी पत्र्यावर खालून वर पुढील थर असतात.

१. फॉस्फेटचा थर : पत्रा धुऊन त्यावर झिंक फॉस्फेटसारख्या क्षारांचा अतिशय पातळ थर दिला जातो. यामुळे गंज रोखण्यास मदत होते व पुढचा थर घट्ट बसतो.

२. विद्युत्-निक्षेपित प्रायमर : संपूर्ण सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने हा थर बसवतात. जाडी सुमारे २० मायक्रॉन.

३. सर्फेसर : पृष्ठभागाचा खडबडीतपणा झाकणारा थर. जाडी सुमारे ३० ते ४० मायक्रॉन.

४. बेस कोट : प्रत्यक्ष रंगद्रव्य किंवा धातूचे चमकते कण असलेला थर. जाडी सुमारे १२ ते २० मायक्रॉन. हा थर स्वतः निस्तेज दिसतो.

५. क्लिअर कोट : रंगहीन, पारदर्शक व चकचकीत थर. जाडी सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन.

सर्व थरांची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान, म्हणजे एका मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाइतकी असते. बफिंगचे काम फक्त पाचव्या थरात चालते. या थरात अतिनील किरण शोषणारी व प्रकाशामुळे होणारे विघटन रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात. थर जितका पातळ होतो, तितके खालच्या रंगापर्यंत अधिक अतिनील किरण पोहोचतात. फार घासलेल्या मोटारीचा टप किंवा बॉनेट काही वर्षांनी पांढुरका पडून त्यावरील पापुद्रे निघू लागतात, त्यामागे हे एक कारण असते.

कारखान्यातील क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाला भट्टीत पक्का केला जातो. अपघातानंतर गॅरेजमध्ये दिलेला रंग एवढ्या तापमानाला भाजता येत नाही, कारण वाहनात रबर, प्लॅस्टिक व विद्युत् उपकरणे असतात. तो सुमारे ६० अंशांना किंवा साध्या हवेत वाळवतात. त्यामुळे एकाच मोटारीच्या दोन दरवाजांचा रंग बफिंगच्या वेळी वेगवेगळा प्रतिसाद देऊ शकतो. नवा रंग पूर्ण वाळण्यापूर्वी घासल्यास तो मऊ पडून पॅडला चिकटतो किंवा काही दिवसांनी निस्तेज होतो.

जुन्या वाहनांवर व काही एकरंगी व्यापारी वाहनांवर क्लिअर कोट नसतो. रंगद्रव्य असलेला थरच सर्वांत वर असतो. अशा वाहनावर काम करताना पॅडला वाहनाचाच रंग लागतो. क्लिअर कोट असलेल्या मोटारीत पॅडवर रंग दिसू लागला, तर पारदर्शक थर संपल्याचे ते लक्षण असते आणि काम त्याच क्षणी थांबवावे लागते.

चकाकीमागील तत्त्व

पृष्ठभाग सपाट असेल तर त्यावर पडणारा प्रकाश ठरावीक दिशेने परावर्तित होतो व प्रतिबिंब स्पष्ट दिसते. क्लिअर कोटचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जवळपास ४ टक्के प्रकाश त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. उरलेला आत जाऊन रंगद्रव्यावरून परत येतो. पृष्ठभागावर चरे असतील तर प्रत्येक चऱ्याच्या कडांवरून प्रकाश अनेक दिशांना विखुरतो. त्यामुळे गडद रंग राखाडी दिसतो व प्रतिबिंब धूसर होते.

उन्हात किंवा दिव्याखाली काळ्या मोटारीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. चरे प्रत्यक्षात सर्व दिशांना गेलेले असतात. परंतु दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्यांची दिशा योग्य कोनात येते तेवढेच चरे उजळतात व वर्तुळाचा भास होतो. पांढऱ्या मोटारीवरही तेवढेच चरे असू शकतात, मात्र रंगद्रव्यावरून परतणारा प्रकाश जास्त असल्याने ते नजरेत भरत नाहीत.

बफिंगमध्ये चऱ्याच्या भोवतालचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत किंवा त्याच्या जवळपास खाली आणला जातो. चरा बुजवला जात नाही. यावरून एक साधी मर्यादा निघते : चरा जितका खोल, तितका जास्त थर काढावा लागतो. चऱ्यावरून आडवे नख फिरवल्यास ते अडकत असेल, तर तो चरा पूर्णपणे काढणे सहसा सुरक्षित नसते. अशा वेळी त्याच्या कडा गोलसर करून तो कमी ठळक करण्यावर समाधान मानले जाते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच तेलाधारित वार्निशाने रंगवल्या जात. थरावर थर देऊन ते वाळायला कित्येक आठवडे लागत. अमेरिकेतील ड्यूपाँ या कंपनीने १९२३ मध्ये 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला आणि वाळण्याचा काळ तासांवर आला. भारतात फवाऱ्याने दिलेल्या रंगाला आजही 'ड्यूको' म्हणतात, ते याच नावावरून. हा लॅकर फवारल्यानंतर निस्तेज दिसत असे व घासल्यावरच त्याला चकाकी येई. त्यामुळे बफिंग हा त्या काळी दुरुस्तीचा नव्हे, तर कारखान्यातील रंगकामाचाच भाग होता. १९२१ च्या सुमारास थ्रीएम कंपनीत फ्रान्सिस ओकी यांनी विकसित केलेल्या पाणी लावून वापरण्याच्या घर्षक कागदामुळे धूळ न उडवता रंग घासणे शक्य झाले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकर आले आणि १९८० च्या दशकात बेस कोट व क्लिअर कोट ही द्विस्तरीय पद्धत जगभर रूढ झाली. लॅकरसाठी बनवलेली भरड कंपाउंडे व लोकरी पॅड या नव्या थरावर ठळक खुणा सोडू लागले. त्यातून अधिक बारीक घर्षक, फोमचे पॅड आणि पुढे दुहेरी गतीची यंत्रे प्रचारात आली.

महाराष्ट्रात मोटारनिर्मितीचा आरंभ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या १९४४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून झाला. तेथे १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डी व तिचेच पुढील नाव असलेली प्रीमियर पद्मिनी या मोटारी अनेक दशके राज्यातील रस्त्यांवर होत्या. एकस्तरीय रंगाच्या अशा मोटारी फिकट पडल्या की हाताने रबिंग कंपाउंड लावून पुन्हा उजळवल्या जात. रंगद्रव्य थराच्या पूर्ण जाडीत असल्याने वरचा मृत भाग निघाला की खालचा ताजा रंग दिसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि त्यानंतरच्या काळात धातूचे कण असलेले द्विस्तरीय रंग भारतात वाढत गेले. जुन्या रंगावर चालणारी सढळ हाताने घासण्याची सवय नव्या रंगाला मात्र हानिकारक ठरली.

नाशिक शहर हे मोटारनिर्मितीचे आणखी एक केंद्र आहे. सातपूर औद्योगिक वसाहतीतील महिंद्र अँड महिंद्रच्या कारखान्यात २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ आणि २००७ मध्ये आलेली महिंद्र-रेनॉ लोगान या मोटारी तयार झाल्या. अशा कारखान्यांत रंगाच्या ओळीच्या शेवटी मोटार प्रखर दिव्यांखाली तपासली जाते. रंगात अडकलेला धुळीचा कण दिसल्यास तेवढाच ठिपका बारीक कागदाने घासून लहान यंत्राने पॉलिश केला जातो. संपूर्ण पत्र्याऐवजी दोषापुरतेच काम करण्याची ही पद्धत गॅरेजमधील कामालाही आदर्श मानली जाते.

साधने

यंत्रे

रोटरी यंत्रात पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. त्याचा वेग साधारणतः मिनिटाला ६०० ते ३,००० फेरे असतो. १५० मिलिमीटर व्यासाचे पॅड मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४२ किलोमीटर होतो. या वेगामुळे काम लवकर होते, पण एका जागी पॅड काही क्षण थांबले तरी उष्णता साचते. चुकीच्या हाताळणीने या यंत्राच्या खुणा सावलीत न दिसणाऱ्या व उन्हात हलणाऱ्या छटांच्या रूपाने उरतात. त्यांना 'होलोग्राम' म्हणतात.

दुहेरी गतीच्या यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी त्याचा अक्ष लहान वर्तुळात फिरतो. या वर्तुळाचा व्यास ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असतो. दाब वाढल्यास पॅडचे फिरणे मंदावते, म्हणून रंग जळण्याचा धोका कमी असतो. शिकाऊ कारागिरासाठी हे यंत्र अधिक सुरक्षित मानले जाते. ड्रिल यंत्राला किंवा पत्रा कापण्याच्या ग्राइंडरला पॅड लावून काम करण्याची पद्धतही दिसते. ग्राइंडरचा वेग मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या आसपास असल्याने तो या कामास अयोग्य आहे.

पॅड

लोकरी पॅड सर्वाधिक थर काढते, त्याखालोखाल मायक्रोफायबरचे व नंतर फोमचे पॅड येते. फोमचे कठीण, मध्यम व मऊ असे प्रकार असतात. पॅडचे रंग उत्पादकागणिक बदलतात. एका कंपनीचे पिवळे पॅड दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्या पॅडइतकेच कठीण असेल असे नाही.

घर्षक

आधुनिक मिश्रणांत मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण, तेल व पाणी असते. काही मिश्रणांतील कण घासताना फुटून बारीक होत जातात. ती पूर्ण काळ घासावी लागतात, अन्यथा भरड खुणा उरतात. इतर मिश्रणांतील कणांचा आकार कायम राहतो. खोल दोषांसाठी आधी वॉटर पेपर वापरला जातो. पी २००० क्रमांकाच्या कागदावरील कणांचा सरासरी आकार सुमारे १० मायक्रॉन असतो. कागदाचा क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक.

कामाची पद्धत

धुणे : मोटार प्रथम भरपूर पाण्याने भिजवून धूळ सुटी केली जाते व नंतर शाम्पूच्या पाण्याने धुतली जाते. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे हेच बहुतेक चऱ्यांचे मूळ असते.

चिकटलेले कण काढणे : धुऊनही हाताला खरखर लागत असेल तर ब्रेकमधून उडालेले लोहकण, डांबर किंवा झाडाचा चीक चिकटलेला असतो. तो विशेष द्रावणाने व मातीसारख्या मऊ वडीने (क्ले बार) काढतात. वडी खाली पडल्यास ती पुन्हा वापरत नाहीत.

मोजमाप : थराची जाडी मोजणाऱ्या उपकरणाने प्रत्येक भाग तपासला जातो. हे उपकरण पोलादावर चुंबकीय तत्त्वाने, तर ॲल्युमिनियमवर आवर्ती प्रवाहाच्या तत्त्वाने चालते. साधे उपकरण सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते. क्लिअर कोट किती उरला आहे हे त्यावरून थेट कळत नाही. म्हणून एकाच मोटारीच्या निरनिराळ्या भागांतील आकड्यांची तुलना महत्त्वाची ठरते. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे उपकरण चालत नाही.

झाकणे : रबरी पट्ट्या, काळे प्लॅस्टिक, नावाची अक्षरे व पत्र्याच्या धारदार कडा यांवर कागदी चिकटपट्टी लावली जाते. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि यंत्राचा दाब तेथेच एकवटतो.

चाचणी : सुमारे ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन निवडून त्यावर सर्वांत मऊ पॅड व सर्वांत बारीक पॉलिश यांपासून सुरुवात करतात. दोष न गेल्यास एकेक पायरी वर जातात. संपूर्ण प्रक्रियेतील हा निर्णायक टप्पा आहे, कारण येथे ठरलेले संयोजन संपूर्ण मोटारीवर वापरले जाते.

मुख्य काम : पॅडवर पॉलिशचे चार-पाच थेंब घेऊन यंत्र सुरू करण्यापूर्वीच ते पृष्ठभागावर पसरवतात. नंतर यंत्र सुरू करून आडवे व उभे हात फिरवतात. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निम्म्या भागावरून जाते. पॅड पृष्ठभागाला समांतर ठेवतात आणि हात सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकवतात. पत्र्यावर हाताचा तळवा ठेवता येईनासा झाला, तर काम थांबवून तो निवू देतात. प्रत्येक चौकोनानंतर पॅडमधील सुकलेले मिश्रण ब्रशने किंवा दाबाच्या हवेने काढतात.

तपासणी : पॉलिशमधील तेल उरलेले चरे तात्पुरते झाकते. खरा परिणाम पाहण्यासाठी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून तिरप्या प्रकाशात पाहतात. ही पायरी टाळल्यास दोन-तीन धुण्यांनंतर जुने चरे 'परत आल्या'सारखे दिसतात. वस्तुतः ते गेलेलेच नसतात.

अंतिम टप्पा : भरड कंपाउंड वापरले असल्यास त्याच्या खुणा बारीक पॉलिशने काढून शेवटी मेण किंवा संरक्षक लेप लावतात.

थराचा हिशेब

बारीक पॉलिशच्या एका कामात सुमारे १ मायक्रॉन किंवा त्याहून कमी, तर भरड कंपाउंड व लोकरी पॅडने २ ते ५ मायक्रॉन थर निघू शकतो. वॉटर पेपरने घासल्यास त्याहून अधिक निघतो. समजा, एखाद्या मोटारीचा क्लिअर कोट ४० मायक्रॉन आहे व तिच्यावर दरवर्षी कंपाउंड आणि पॉलिश मिळून ४ मायक्रॉन थर काढला जातो. पाच वर्षांत निम्मा थर संपेल आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षणही त्या प्रमाणात घटेल. तेच काम एकदा नीट करून पुढे धुण्याची पद्धत सुधारली व गरजेपुरते बारीक पॉलिश केले, तर तेवढाच थर मोटारीच्या संपूर्ण आयुष्याला पुरतो.

हा हिशेब जुनी मोटार खरेदी करणाऱ्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. विक्रीपूर्वी बफिंग केलेली मोटार नवी दिसते, पण थर किती उरला आहे हे डोळ्यांना कळत नाही. जाडी मोजल्यास दोन गोष्टी उघड होतात. इतर भागांपेक्षा फार कमी आकडा हा अति घासल्याचा संकेत असतो. २०० मायक्रॉनच्या वरचा आकडा बहुधा पुन्हा रंग दिल्याचा, आणि त्याच्या कित्येक पट आकडा खाली लांबी भरल्याचा संकेत असतो. क्लिअर कोट आरपार गेल्यास पॉलिशने उपाय होत नाही. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

स्थानिक परिस्थितीचा परिणाम : नाशिक रोड

रंग किती लवकर खराब होतो व बफिंग केव्हा करावे, हे हवामान, पाणी आणि धूळ यांवर अवलंबून असते. दख्खनच्या पठारावरील नाशिक रोड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. रेल्वे स्थानकाभोवती वाढलेला हा भाग १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिकेत समाविष्ट झाला. नाशिक-पुणे रस्ता बिटको चौक व सिन्नर फाटा येथून याच भागातून जातो.

नाशिकची भूमी बेसाल्ट खडकाची आहे. या खडकातील फेल्डस्पार व पायरोक्सिन ही खनिजे काठिण्याच्या मोस मापनश्रेणीवर सुमारे ५ ते ६.५ येतात, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा पुष्कळ कठीण असतात. रस्त्याची व बांधकामाच्या खडीची धूळ कोरडी पुसल्यास ती रंगावर पॉलिश पेपरसारखी चालते. रेल्वेमार्ग व वाहतुकीच्या रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या मोटारींवर ब्रेकमधून उडालेले लोहकण बसतात. पावसात ते गंजून पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके दिसतात. असे ठिपके घासून काढण्याऐवजी लोहकण विरघळवणारे द्रावण वापरल्यास थर वाचतो.

बेसाल्टमधील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सामान्यतः आढळतात. बोअरच्या पाण्याने धुतलेली मोटार उन्हात वाळू दिल्यास हे क्षार पांढऱ्या कड्यांच्या रूपाने उरतात व तापलेल्या रंगात रुततात. ताजे डाग सौम्य आम्लधर्मी द्रावणाने निघतात; रुतलेल्या डागांसाठीच पॉलिश लागते. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी केली जाते. बागेत ये-जा करणाऱ्या वाहनावर उडालेले असे अल्कधर्मी थेंब वाळण्यापूर्वीच पाण्याने धुणे आवश्यक असते.

एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि उन्हातील गडद रंगाचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. अशा पत्र्यावर पॉलिश लगेच सुकते व त्याची पावडर होऊन नवे चरे पडतात. म्हणून उन्हाळ्यात काम सावलीत, सकाळी किंवा संध्याकाळी करणे इष्ट असते. पावसाळ्यात दमट हवेमुळे काही लेप घट्ट होण्याचा वेग बदलतो. त्यामुळे पाऊस ओसरल्यानंतरचा काळ सोयीचा ठरतो. दसऱ्याला वाहन धुऊन, झेंडूच्या माळा घालून त्याची पूजा करण्याची प्रथा याच सुमारास येते. पूजेनंतर हळद-कुंकू व फुले दिवसभर उन्हात न ठेवता ओल्या कापडाने हलकेच काढल्यास, विशेषतः पांढऱ्या रंगावर, डाग राहत नाहीत.

धोके व सुरक्षितता

रंगाला असलेले धोके : कडांवर किंवा पत्र्याच्या ठळक रेषांवर थर आरपार जाणे, उष्णतेने रंग सुरकुतणे, प्लॅस्टिकचे भाग मऊ पडणे आणि होलोग्राम उरणे हे नेहमीचे दोष आहेत. प्लॅस्टिक उष्णता पसरवत नसल्याने बंपरवरील रंग पोलादी पत्र्यापेक्षा लवकर तापतो. सिलिकॉन तेल असलेली पॉलिशे रंगकामाच्या जागेजवळ वापरल्यास नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

कारागिराला असलेले धोके : फिरत्या पॅडमध्ये ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी किंवा यंत्राचीच वायर अडकू शकते. वायर खांद्यावरून मागे घेणे हा साधा उपाय आहे. पॅडवरून उडणाऱ्या थेंबांपासून डोळे वाचवण्यासाठी चष्मा आणि दीर्घकाळच्या आवाजापासून कान वाचवण्यासाठी बोळे वापरतात. सुकलेल्या मिश्रणाची पावडर श्वासातून जाऊ नये म्हणून मास्क लागतो. काही जुन्या भरड कंपाउंडांत स्फटिकी सिलिका असते व तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. दिवसभर यंत्र धरल्याने होणाऱ्या कंपनांमुळे बोटे बधिर होण्याचा विकार जडू शकतो, म्हणून अधूनमधून विश्रांती आवश्यक असते. ओल्या जमिनीवर २३० व्होल्टचे यंत्र वापरताना अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच असणे महत्त्वाचे आहे. थर संपून पुन्हा क्लिअर कोट फवारावा लागल्यास त्यातील हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा होण्याचा धोका असतो व त्यासाठी साधा कापडी मास्क पुरत नाही.

हे कौशल्य बहुधा गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकले जाते. भंगारातून आणलेल्या जुन्या बॉनेटवर आधी सराव करणे हा सुरक्षित मार्ग आहे. त्यावर मुद्दाम थर आरपार जाईपर्यंत घासल्यास तो किती लवकर संपतो याचा अंदाज हाताला येतो.

पॉलिश, मेण व लेप यांतील फरक

मेण, सीलंट किंवा लेप हे पृष्ठभागावर चढवले जातात. ते चरे काढत नाहीत. कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते व सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. बाजारात 'टेफ्लॉन कोटिंग' या नावाने मिळणाऱ्या सेवेत पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीनचे कण असलेले मिश्रण वापरले जाते. हा पदार्थ सुमारे ३२७ अंशांना वितळतो. तव्यावर तो भाजून पक्का करतात, तसा मोटारीच्या रंगावर करता येत नाही.

'सिरॅमिक कोटिंग' हे सिलिकायुक्त द्रव्यांचे, साधारण एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहून पातळ असे कडक आवरण असते. त्यामुळे पाणी व घाण सहज निघते. त्याच्या जाहिरातींतील '९ एच' हा आकडा पेन्सिलीच्या काठिण्यावर आधारित चाचणीचा आहे. खनिजांच्या मोस श्रेणीशी त्याचा संबंध नाही. असे आवरण दगडाने उडणारे टवके रोखू शकत नाही. लेपाखाली चरे राहिल्यास ते तसेच दिसत राहतात, म्हणून लेपापूर्वी बफिंग केले जाते. लेपाचा खरा लाभ चकाकीपेक्षा वेगळा आहे : घाण कमी चिकटल्याने पुसणे कमी होते, पुसणे कमी झाल्याने चरे कमी पडतात आणि पुढचे बफिंग लांबणीवर पडते.

हेही पहा

वाहनांचे रंगकाम
घर्षक
ॲल्युमिनियम ऑक्साइड
प्रीमियर पद्मिनी
नाशिक रोड